गंजलेली जुनी गाडी घरीच दुरुस्त करताय? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या काकांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षं आमच्या घराच्या बाजूला टिनाच्या शेडखाली उभी होती. मी मेकॅनिक नाही, नोकरदार माणूस. तीन हिवाळे, रविवार-रविवार करत ती गाडी मी रस्त्यावर आणली. तेव्हापासून ओळखीचे लोक फोन करतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढतोय. उदाहरणं पद्मिनीची आहेत, पण गंजाचं शास्त्र सगळ्या गाड्यांना सारखंच.

आधी इंजिन सुरू करून बघू की आधी पत्रा?

आधी पत्रा. इंजिन सुरू झालं की मन हलतं, गाडी फिरवावीशी वाटते आणि खालचा सडलेला पत्रा "नंतर बघू" म्हणून राहून जातो. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन कुठलाही जुना मिस्त्री उघडून देईल. सिलेंडर बोअर होतो, पिस्टन-रिंगा मिळतात. बॉडी मात्र नवी मिळत नाही. इंजिन फिरतंय की जाम आहे एवढंच सुरुवातीला बघा आणि त्याला झाकून ठेवा.

पहिल्यांदाच करतोय. कोणती गाडी घेऊ?

घरातली असेल तर तीच. तिच्यासाठी पावसात भिजायचीही तयारी असते, विकत घेतलेलीसाठी नसते. विकतच घ्यायची असेल आणि हात अगदी नवा असेल, तर जुनी जीप सोपी. तिची चेसिस वेगळी असते, बॉडी बोल्ट काढून उचलता येते आणि पत्रे सपाट असतात. स्टँडर्ड हेराल्डची चेसिसही वेगळीच. पद्मिनी आणि अँबॅसडर या दोन्ही मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच चेसिस. तिथे गंज लागला तर नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो. तरीही मी पद्मिनीच सुचवेन. गाडी लहान, उघडायला सोपी, आणि तिच्यावर काम केलेले हात अजून नागपुरात आहेत.

घ्यायच्या आधी गंज कुठे तपासायचा?

खिशात फ्रिजचं मॅग्नेट ठेवा, त्याला पातळ कापड गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. दरवाजाच्या खालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर आणि दारांखालच्या सिलवर ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. मग कार्पेट उचला. त्याखालची डांबरी शीट ओली किंवा फुगलेली असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला भसकन आत जातो. डिक्कीत स्टेपनीची जागा, बॅटरीचा ट्रे, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला धरतात ती जागा बघा. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे भोक असेल तर किंमत कितीही कमी असली तरी घाई करू नका.

आणखी एक. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. जुनी गाडी घेताना दाराचं पॅड काढून आत गाळाची रेघ आहे का ते बघा. ती रेघ पुसायची आठवण विकणाऱ्याला सहसा राहत नाही.

नागपूरची हवा तर कोरडी. मग इतका गंज येतो कुठून?

हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर सापडल्यावरच माझं काम रुळावर आलं.

मुंबईची गाडी खाऱ्या हवेने बाहेरून सडते. आपली गाडी उन्हाने सुरू होऊन पावसाने सडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा समोरच्या काचेचं रबर कडक होतं, आक्रसतं, त्याला भेगा पडतात. तेव्हा काहीच दिसत नाही. जुलैत त्याच भेगेतून पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि पाय ठेवायच्या जागी डांबरी शीटखाली साचून बसतं. वरून कार्पेट कोरडं, खाली दिवाळीपर्यंत ओल. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हाताने पापडासारखा मोडला. त्याच गाडीचं छत मात्र अगदी कोरं होतं.

दुसरं कारण आपली काळी माती. चाकांच्या कमानीत ती लिंपल्यासारखी बसते आणि आठ-आठ दिवस ओल धरून ठेवते. वाशिंग सेंटरवाले बाहेरून फवारा मारतात, आतल्या कडेवरची माती तशीच राहते. ती बोटाने खरवडून काढावी लागते.

तिसरं कारण घराघरातलं आहे. गाडीच्या शेडमध्ये कूलरची हवा येत असेल तर चार महिने गाडी दमट हवेत उभी आहे असं समजा. कूलरच्या टाकीचा तळ दरवर्षी कसा गंजतो हे नागपूरकराला सांगायला नको. मार्चमध्ये आपण टाकी खरवडून रेड ऑक्साइड मारतो ना, तीच काळजी गाडीला हवी.

लांबी भरून, रंग मारून दोन-चार वर्षं निघणार नाहीत का?

निघतील. पण तेवढ्या काळात आतून गंज दुप्पट झालेला असेल. लांबी ओल शोषते आणि पत्र्याला चिकटवून धरते.

माझ्या गाडीच्या डाव्या सिलवर बोटभर जाड लांबी होती. छिन्नीने ठोकली तर तळहाताएवढा तुकडा एकदम निघाला. त्यामागे कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा होता, आणि त्यामागे पॉप रिवेटने ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी. कधीतरी काकांनी एका गॅरेजमध्ये "पत्राकाम" करून घेतलं होतं, पैसेही पूर्ण दिले होते. अशी पट्टी वरून ठोकली की तिच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत ओल अडकून राहते आणि गंज अजून जोरात धावतो. पट्टीच्या चारही बाजूंनी पत्रा जाळीसारखा झाला होता. काकांना तो तुकडा दाखवला, तेव्हा ते बराच वेळ हातात धरून बसले.

आमच्या भागातले एक म्हातारे पत्रा मिस्त्री तो सिल बघून म्हणाले, "भाऊ, हे लांबीनं नाही होत. कापाच लागते." त्या दिवसापासून मी तेच धरून चाललो. लांबी वापरायची ती चांगल्या पत्र्यावरचा उंच-सखलपणा मिटवायला, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आणि प्रायमरवर. भोक झाकायला कधीच नाही.

मग किती पत्रा कापायचा? गाडी वाकणार नाही का?

चमकदार, मूळ जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापायचा. भोकाच्या कडेला अर्धा इंच सोडून वेल्ड मारलात तर कडेचा पातळ पत्रा वितळून भोक मोठंच होतं.

वाकण्याची भीती खरी आहे. मोनोकॉक गाडीत सिल आणि फ्लोअर वजन पेलतात. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मधून बसते, आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. म्हणून कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पाइप किंवा अँगल वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून आडवा टेका द्या. चौकटीच्या दोन्ही तिरप्या मापांची नोंद करा. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) अशा ठिकाणी ठेवा, जिथे चाकांचं वजन एरवी येतं. एका वेळी एकच बाजू, तीही तुकड्या-तुकड्याने. प्रत्येक तुकडा बसवला की दार लावून फट बघा. मी फटीत जुन्या एटीएम कार्डांची चळत सरकवून बघायचो. वर चार कार्डं जात होती, तर खालीही चारच जायला हवीत. एकदा खाली पाच गेली, तेव्हा काम थांबवून टाके तोडले आणि पुन्हा लावले.

गाडी फक्त जॅकवर असताना खाली कधीही जाऊ नका. घोडी लागतेच. विटा चालत नाहीत, वजनाने फुटतात.

वेल्डिंग स्वतः शिकू का?

शिका, पण गाडीवर नाही. भंगारातून जुने दरवाजे आणा आणि महिनाभर त्यांच्यावर हात बसवा. गाडीच्या पत्र्याला सीओटू वेल्डिंग (तार आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेलं) बरं. साधी रॉडची वेल्डिंग पातळ पत्रा जाळून टाकते. लांब रेघ ओढू नका. एक टाका इथे, एक तिथे, मग मधले. सलग मारलं की पत्रा तापून लाटा धरतो आणि त्या लाटा घालवता-घालवता पुन्हा लांबीवर येता.

मी कापणं, तुकडे घडवणं, घासणं स्वतः केलं आणि सिलचे शेवटचे वेल्ड मिस्त्रींकडून मारून घेतले. ज्यावर गाडीचं आयुष्य टांगलेलं आहे, ते काम जाणत्याच्या हाताने झालेलं चांगलं. मी बाजूला उभा राहून बघत शिकलो.

वेल्डिंगआधी बॅटरी काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. डांबरी शीट आतल्या आत धुमसत राहते.

पत्रा कोणता घ्यायचा?

सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, फ्लोअरला साधारण एक मिलिमीटर. इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला फिरलात की कापून मिळतो. कूलरवाल्याकडचा उरलेला जीआय पत्रा वापरायचा मोह आवरा. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

सुट्या भागांचा गंज काढायला ॲसिड वापरू का?

संडासचं ॲसिड नको. ते सांध्यात शिरतं, धुऊन निघत नाही आणि महिन्याभरात गंज परत येतो.

लहान भागांना, म्हणजे नट-बोल्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्यांना, लिंबूसत्व पुरतं. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवा, भाग रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासून सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच वाळवून प्रायमर मारा.

मोठ्या भागांना वीज. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्या, लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा टाका. जुन्या पद्धतीच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एका टाकाऊ सळईला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि दुसऱ्या दिवशी गंज काळ्या चिखलासारखा पुसून निघतो. चांगला पत्रा जराही खात नाही, हे या पद्धतीचं मोठं सुख. मात्र ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे अंगणात करा, बंद खोलीत नाही. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. स्प्रिंगा आणि सस्पेन्शनचे कडक भाग या टबात टाकू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

बॉडीवर तारेचा कप ब्रश आणि ग्राइंडर. चष्मा सक्तीचा, ब्रशची तार सुटली की सुईसारखी उडते. बाजारात मिळणारं रस्ट कन्व्हर्टर हलक्या, घट्ट बसलेल्या गंजावर चालतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते फक्त वरचा थर काळा करतं.

कोणत्या महिन्यात कोणतं काम?

सगळ्यांनी हा प्रश्न पहिला विचारायला हवा. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली म्हणून मी दोन्ही मागचे मडगार्ड उघड्या पत्र्यापर्यंत घासले. संध्याकाळी चांदीसारखे दिसत होते. सकाळी बघतो तर सगळ्यावर केशरी झाक. पुन्हा घासले, साधा प्रायमर मारून ठेवला. दिवाळीत त्या प्रायमरखाली गंजाचे ठिपके उमटले. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, रेड ऑक्साइडही. त्यातून ओल आत जाते. पत्रा पावसाळाभर ठेवायचा असेल तर त्यावर इपॉक्सी प्रायमरच हवा, तो ओल अडवतो.

आता मी असं करतो. ऑक्टोबरमध्ये खोलणं आणि घासणं सुरू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पत्रा, वेल्डिंग, प्रायमर, रंग. डिसेंबरच्या सकाळी पत्रा दवाने ओलसर असतो, म्हणून दहा-अकराला ऊन चढल्यावरच स्प्रे हातात घ्यायचा. मार्चमध्ये पॉलिश आणि फिटिंग. एप्रिल-मे रंगाला वाईट. थिनर हवेतच उडतो, रंग पत्र्यावर कोरडा, खरखरीत बसतो, वरून आंधीची धूळ. पण काचेचे आणि दारांचे नवे रबर बसवायला मेसारखा महिना नाही, कारण रबर मऊ होऊन खाचेत सहज जातं. धुतलेली पेट्रोलची टाकी वाळवायलाही नवतपाचं ऊन उत्तम. जून ते सप्टेंबर बॉडीला हात लावायचा नाही. कार्बोरेटर, डायनामो, सेल्फ, वायपर मोटर टेबलावर घेऊन बसायचं.

रंग घरी मारता येतो का?

एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग येतो. पातळ थर, मध्ये वाळू द्यायचं, मग वॉटर पेपर आणि रबिंग. चुकलं तर घासून पुन्हा मारता येतं, हौशी माणसासाठी हा मोठा आधार आहे. दमट हवेत मात्र तो दुधासारखा पांढुरका पडतो.

पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, जास्त चमकतो, पण त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा त्रास देऊ शकतो. कापडी किंवा साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. पीयू हवा असेल तर घरी इपॉक्सी प्रायमरपर्यंत काम आणा आणि शेवटचा रंग बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. मी तेच केलं.

जुना रंग घासताना कोरडा घासू नका, पाणी लावून घासा. त्यात शिसं असू शकतं आणि घरात लहान मुलं असतात.

इंजिन जाम आहे, काय करू?

सेल्फ मारू नका, धक्काही नको. प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) मिसळून टाका आणि आठवडाभर थांबा. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हलकेच पुढे-मागे. केसभर हललं तरी पुरे, रोज थोडं वाढवा. आमचं नवव्या दिवशी सुटलं. सुटल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय सुरू करू नका.

ब्रेकचं काय?

सगळं नवं. मास्टर सिलेंडर, चारही चाकांचे व्हील सिलेंडर, रबरी होज. होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद झालेले असतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरलाही हाच नियम: नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर टाकायचाच.

आताच्या पेट्रोलवर जुनी गाडी चालते का?

चालते, तयारी करून. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरची पॅकिंग मऊ करतं किंवा फुगवतं. ते सगळं इथेनॉल सोसणारं घ्या. ते पाणीही ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. आणि हेड उघडलंच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. या गाड्या शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातल्या. ते २००० साली देशभर बंद झालं.

पार्ट कुठे मिळतात?

आधी नागपुरातल्या जुन्या स्पेअरवाल्यांच्या माळ्यावर. दुकानदाराला "फियाटचं काही उरलंय का" असं विचारा (पद्मिनी मुळात फियाटचीच गाडी), पद्मिनी म्हटलं तर कधीकधी त्यांना पटकन आठवत नाही. मग मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, दिल्लीत कश्मीरी गेट. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, त्यामुळे टॅक्सीच्या भरवशावर चालणारा तो साठा आता आटत जाणार. काचेची रबरं, लाइट, जाळी दिसली की घेऊन ठेवा.

बेअरिंगसाठी गाडीचं नाव सांगायची गरज नाही, त्यावर नंबर कोरलेला असतो. ऑइल सीलची आतली-बाहेरची मापं घेऊन जा.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, आत चिठ्ठी टाकून. दोन वर्षांनी कोणता बोल्ट कुठला हे आठवत नाही.

आरटीओचं काय? पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते ना?

नाही. तो नियम दिल्लीच्या परिसराचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सोबत पर्यावरण कर. काम सुरू करण्याआधीच एमएच-३१, ४० किंवा ४९, जिथे नोंद असेल त्या कार्यालयात जाऊन तुमच्या गाडीचं रेकॉर्ड संगणकावर चढलंय का ते बघा. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायचं काम आधी उरका. चेसिस नंबरची जागा चुकूनही घासू नका. रंग बदलणार असाल तर आरसी बुकात तशी नोंद करावी लागते. मी मूळ पांढराच ठेवला. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटही लागते.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती अशाच कारणांसाठी काढता येते, रोजच्या वापराला नाही. गाडी चालवायची हौस असेल तर साधंच नूतनीकरण बरं.

खर्च किती येतो?

आकडा सांगत नाही, कारण तो पत्र्यावर ठरतो आणि पत्रा उघडल्याशिवाय कळत नाही. एवढं सांगतो: सिल आणि फ्लोअर उघडून होईपर्यंत सीट, क्रोम, म्युझिक सिस्टम यांवर एक रुपयाही घालवू नका.

गंज परत येऊ नये म्हणून काय करता?

सिलच्या पोकळीत, दारांच्या तळाशी, पाट्यांच्या हँगरमागे कॅव्हिटी वॅक्स फवारलं आहे. जळालेलं ऑइल मारायची पद्धत आहे, पण त्याने रबर खराब होतं आणि त्यातलं आम्ल पत्र्याला बरं नाही. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात. मागच्या गॅरेजने ती लांबीने बुजवली होती. दर मृगाच्या आधी मी सायकलची तार घालून ती मोकळी करतो. पहिला जोरदार पाऊस झाला की कार्पेट उचलून हात फिरवतो. मागच्या जुलैत डाव्या कोपऱ्यात ओल लागली. काचेच्या रबराला खालच्या बाजूला नखाएवढी भेग होती. त्याच संध्याकाळी ती भरली आणि कार्पेट आठ दिवस बाहेर वाळत ठेवलं.